आईची सही जुळत नाही तेव्हा : जवळच्या सहकारी बँकेतील ओळखीची सेवा

रावपुरेकर

नमस्कार. हा धागा काढायला निमित्त झाले ते माझ्या आईच्या सहीचे. आई ८४ वर्षांची आहे, बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्तीत, तिचे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले आहे, आणि घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर असलेल्या एका नागरी सहकारी बँकेत तिचे १९७९ पासून खाते आहे. बँकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला तिची जाहिरात करायची नाही. शिवाय शाखेत मनुष्यबळ इतके थोडे आहे की नाव दिले तर माणसेही ओळखू येतील.

गेल्या वर्षभरात आईचा उजवा हात थरथरू लागला. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आसपास ती घरखर्चासाठी विड्रॉल फॉर्मवर सही करून माझ्याकडे देते आणि मी पैसे आणतो, असा परिपाठ होता. जानेवारीत मी फॉर्म खिडकीत दिला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, संगणकावरचा सहीचा नमुना पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाई, बानी सही मळती नथी," म्हणजे आईची सही जुळत नाही. मागे सहा-सात माणसे उभी होती, पण त्यांपैकी कोणालाही हे ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या बोलल्या. त्यांनी फॉर्म परत केला नाही, त्यावर शिक्काही मारला नाही. "बसा, साहेब मोकळे झाले की बोलू," एवढेच सांगितले.

शाखाधिकाऱ्यांनी मला दोन प्रश्न विचारले. आई शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत आहे का, आणि ती बँकेपर्यंत येऊ शकते का. पहिल्याचे उत्तर होय होते आणि दुसऱ्याचे नाही, कारण आमच्या घराचा जिना तुम्हांपैकी ज्यांनी जुन्या बडोद्यातील घरे पाहिली आहेत त्यांना वर्णन करून सांगायला नको. दुसऱ्या दिवशी व्यवहाराची वेळ संपल्यानंतर ते स्वतः आणि त्या खिडकीतील बाई घरी आल्या. त्यांनी आईला खुर्चीत बसवून, किती रक्कम काढायची आहे हे तिच्याच तोंडून वदवून घेतले, मी मध्ये बोलू लागलो तेव्हा मला हाताने थांबवले, आणि मग फॉर्मवर तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला. ठशाखाली दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, एक शाखाधिकाऱ्यांची आणि दुसरी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची, ज्यांचे खाते त्याच शाखेत आहे. पैसे मी घेणार असल्याने माझीही सही घेतली. आईने चहा केला नाही याची तिला नंतर दोन दिवस रुखरुख होती, ती वेगळी.

आता याच्या उलट बाजू. वडिलांची एक मुदत ठेव एका मोठ्या बँकेत होती, जिच्या शाखा देशभर आहेत. वडील गेल्यानंतर त्या ठेवीसाठी मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा टेबलामागे वेगळी व्यक्ती होती. प्रत्येकीने नम्रपणेच ऐकून घेतले, पण प्रत्येकीला सारे पहिल्यापासून सांगावे लागले, आणि तिसऱ्या वेळी जे कागद मागितले ते मी पहिल्या वेळी दिलेलेच होते. वागणुकीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. तिथे आधीच्या दिवसाची आठवण ठेवणारे कोणी नव्हते, एवढेच.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे की, बडोद्यात किंवा इतरत्र आपल्यापैकी ज्यांचे व्यवहार लहान स्थानिक बँकांत आहेत, त्यांना अजून अशी सेवा मिळते का? आणि शाखाधिकाऱ्यांनी जे केले ते त्यांच्या चांगुलपणामुळे झाले, की त्याला काही नियम आहे? चांगुलपणावर किती काळ विसंबून राहावे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडला आहे.

सूरसागर_काठ

तुमच्या अनुभवात मला सहीच्या लिपीची एक भर घालावीशी वाटते. माझ्या सासूबाईंची नमुना सही देवनागरीत आहे, बँकेतील बहुतेक कर्मचारी गुजराती वाचणारे, आणि फॉर्म गुजराती व इंग्रजीत. एका खासगी बँकेत नव्याने खाते उघडताना त्यांना, "सही इंग्रजीत नाही का करता येणार?" असे विचारले गेले, आणि बी. ए. झालेल्या त्या बाईंना आपण निरक्षर ठरतो आहोत असे वाटले. आमच्या जुन्या सहकारी बँकेत असा प्रश्न कधीच आला नाही. शिरोरेषा असलेली सही म्हणजे मराठी घर, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक आहे.

अलकापुरी२

रावपुरेकर, अनुभव हृद्य आहे यात शंका नाही, तरी थोडा विरोधी सूर लावतो. तुमच्या आईंचे खाते तुमच्याबरोबर संयुक्त असते आणि मोबाइल बँकिंग सुरू असते, तर हा प्रसंगच उद्भवला नसता. दोन अधिकाऱ्यांना संध्याकाळी तीन जिने चढावे लागले, हे मला सेवेच्या श्रेष्ठत्वापेक्षा व्यवस्थेच्या उणिवेचे लक्षण वाटते. शिवाय अशी ओळखीवर चालणारी सेवा ज्यांची ओळख आहे त्यांनाच मिळते. मी २०१६ मध्ये पुण्याहून इथे आलो तेव्हा अशाच एका स्थानिक बँकेत खाते उघडायला गेलो, तर मला आधीच्या खातेदाराची ओळख आणायला सांगितले. ज्याचे शहरात कोणीच नाही त्याने ती कुठून आणायची? शेवटी आधार आणि पॅन घेऊन वीस मिनिटांत एका मोठ्या बँकेत खाते उघडले, आणि तिथे माझे आडनाव कोणालाही ठाऊक नाही याचे मला अजून तरी दुःख झालेले नाही.

वाडीतली_सून

मला दोघांचेही म्हणणे पटते, म्हणून हे लिहिताना थोडे जड जात आहे. ओळखीच्या सेवेचा दुसरा चेहरा आमच्या घराने पाहिला आहे. बँकेचे आणि व्यक्तीचे नाव लिहिणार नाही, कारण प्रकरण मिटले आहे आणि त्या गृहस्थांची मुले आमच्याच ओळखीत आहेत.

माझ्या मामेसासूबाई एकट्या राहत. त्यांच्या स्थानिक बँकेतील एक कर्मचारी दर पंधरवड्याला घरी येऊन पासबुक घेऊन जाई, भरून आणून देई, वीजबिल भरी, औषधेही आणी. सात-आठ वर्षे हे निर्वेधपणे चालले. प्रत्येक वेळी सही मागायला त्रास नको म्हणून मामेसासूबाईंनी त्याच्याकडे पाच-सहा कोऱ्या विड्रॉल फॉर्मांवर सह्या करून ठेवल्या होत्या. त्याने त्या मागितल्या नव्हत्या, त्यांनीच आपण होऊन दिल्या होत्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण कोणतीही लबाडी सुरुवातीपासूनच ठरलेली असते असे नाही. त्याच्या घरी आजारपण आले, त्याने एक फॉर्म भरला, बहुधा परत करायच्या विचाराने. मग दुसरा भरला. पासबुक मात्र "मशीन बिघडले आहे" म्हणून चार महिने कोरेच परत येत राहिले. आम्हाला कळले तेव्हा ६२ हजार रुपये गेले होते.

बँकेने चौकशी केली आणि रक्कम टप्प्याटप्प्याने भरून दिली, हे खरे. पण त्या काळात शाखेतील प्रत्येक जण आम्हाला समजावत होता, "आपलाच माणूस आहे, तक्रार लेखी नका करू." अनोळखी बँकेत अशी विनवणी कोणी केली नसती, आणि आम्ही ऐकलीही नसती. रावपुरेकरांच्या शाखाधिकाऱ्यांनी त्यांना हाताने थांबवून आईंच्या तोंडून रक्कम वदवून घेतली, त्या क्षणाचे मोल आम्हाला जितके कळेल तितके इतरांना कळणार नाही. तो मुलगा प्रामाणिक आहे हे त्यांना ठाऊक असणारच, आणि तरीही त्यांनी विचारले.

निवृत्त_रोखपाल

मी बडोद्यातील एका नागरी सहकारी बँकेत ३१ वर्षे काम केले, त्यांपैकी बरीच रोखीच्या खिडकीत. खातेदाराला पितळी टोकन देऊन नंबर पुकारण्याच्या काळापासून ते संगणक येईपर्यंत सगळे पाहिले. रावपुरेकरांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते लोकांना माहीत नसते, आणि खरे सांगायचे तर खिडकीमागच्या अनेकांनाही नसते.

शाखाधिकाऱ्यांनी जे केले ते नियमानुसारच होते. वृद्ध, आजारी किंवा अपंग खातेदारांच्या खात्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, आणि त्या नागरी सहकारी बँकांनाही लागू आहेत. त्यांत दोन प्रकार धरले आहेत. एक, खातेदार सही करू शकत नाही किंवा बँकेत येऊ शकत नाही, पण अंगठा उमटवू शकतो. दुसरा, जो अंगठाही उमटवू शकत नाही. पहिल्या प्रकारात हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि तो बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात कागदावर केवळ एखादी खूण घेतली तरी चालते, साक्षीदारांची अट तीच. पैसे प्रत्यक्ष कोण नेणार हे खातेदाराने सांगायचे, त्या व्यक्तीची ओळख पटवायची आणि तिची सही घ्यायची. तुमच्या घरी हेच झाले.

मग मोठ्या बँकेत हे का होत नाही? होऊ शकते, नियम तोच आहे. पण त्यातील "बँकेच्या ओळखीचे साक्षीदार" या तीन शब्दांकडे पाहा. ज्या शाखेत अधिकारी दर तीन वर्षांनी बदलून जातो, तिथे बँकेच्या ओळखीचा माणूस कोण? कागदावर खातेदार सगळेच आहेत, ओळखीचे कोणीच नाही. आमच्या लहान बँकेत बदली झाली तरी शहरातल्या शहरात, मांडवीहून कारेलीबागेत, त्यामुळे खालच्या मजल्यावरचे शेजारी आम्हाला ठाऊक असत. नियम पाळायला ओळख लागते, असे हे प्रकरण आहे.

अलकापुरी२ यांच्या संयुक्त खात्याविषयी. उपाय चांगला आहे, पण घाईने करू नये. "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" अशा पद्धतीचे खाते केले की दुसरा खातेदार कोणाला न विचारता सारी रक्कम काढू शकतो. एकुलता मुलगा असेल तर प्रश्न नाही, भावंडे असतील तर आधी त्यांच्याशी बोलावे. काही जण मुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निश्चिंत होतात, परंतु मुखत्यारपत्र देणाऱ्या व्यक्तीची बुद्धी शाबूत आहे तोवरच ते चालते. स्मृतिभ्रंश झाल्यानंतर, म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज पडते तेव्हा, ते उपयोगाचे राहत नाही. माझ्या खिडकीवर असे मुखत्यारपत्र घेऊन आलेल्या किमान चार कुटुंबांना मला नाही म्हणावे लागले आहे, आणि त्यांतील एक कुटुंब माझ्याशी अजून बोलत नाही.

वाडीतली_सून, तुमच्या मामेसासूबाईंबाबत झाले तसे मी दोनदा पाहिले. कोऱ्या फॉर्मवर सही ही आमच्याकडे बडतर्फीपर्यंत नेणारी गोष्ट होती, तरीही खातेदार प्रेमाने आग्रह करीत. "तुमच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कोणावर?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. तेव्हा मी फॉर्म त्यांच्यासमोर फाडून टाकत असे. लोकांना ते उद्धट वाटे.

रावपुरेकर

निवृत्त_रोखपाल, मनापासून आभार. साक्षीदार म्हणून खालचे शेजारीच का हवे होते, हे आज कळले. मी माझ्या मेहुण्याला बोलावतो असे म्हणालो होतो आणि साहेबांनी नको म्हटले होते, तेव्हा मला ते थोडे लागले होते.

आमचे खाते आईच्या एकटीच्या नावावर आहे आणि नामनिर्देशन वडिलांचे आहे, जे आता हयात नाहीत. ताई नाशिकला असते. याबाबत काय करावे?

निवृत्त_रोखपाल

हे आजच करावे, उद्यावर टाकू नये. नामनिर्देशित व्यक्ती मरण पावली असेल तर ते नामनिर्देशन असून नसल्यासारखे आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ते दोन पद्धतींनी करता येते : सर्वांना एकाच वेळी, प्रत्येकाचा टक्का ठरवून, किंवा क्रमाने, म्हणजे पहिला नसेल तर दुसरा. टक्के दिले तर बेरीज शंभर झालीच पाहिजे. हे ऐकून हसू येईल, पण ३३, ३३ आणि ३३ असे लिहून देणारे भरपूर असतात.

एक गैरसमजही दूर करतो. नामनिर्देशित व्यक्ती पैशांची मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते. मुलीचे नाव घातले म्हणजे मुलाचा हक्क गेला असे नाही. मात्र नाव असले की बँकेला पैसे कोणाला द्यायचे हे कळते आणि दावा मोकळा होतो. कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत तो निकाली काढावा अशी बँकांवर जबाबदारी आहे. नाव नसेल तर वारसांचा शोध, हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्रे यांचा प्रवास सुरू होतो. त्यातही छोट्या रकमांसाठी सुलभ पद्धत ठेवलेली आहे, पण तिची मर्यादा सहकारी बँकांसाठी ५ लाख आणि इतर बँकांसाठी १५ लाख अशी वेगवेगळी आहे, हे ध्यानात असावे.

कोठीवरून

धाग्याच्या विषयाला धरून थोडे जुने आठवते. आपल्या शहराला ही ओळखीची बँक काही नवीन नाही. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने इथल्या मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय मंडळींनी "अन्योन्य" ही परस्परसाह्याची मंडळी काढली, आणि भारतातील पहिली सहकारी पतमंडळी म्हणून तिचा उल्लेख होतो. सहकारी पतसंस्थांचा कायदाच मुळी १९०४ चा, म्हणजे कायद्याच्या १५ वर्षे आधी बडोद्यातील कारकून-मास्तर एकमेकांच्या शब्दावर कर्ज देत-घेत होते. सयाजीराव महाराजांनी मांडवीत बँक ऑफ बडोदा उघडली ती १९०८ मध्ये, त्यानंतर. आज त्या बँकेचा पसारा कुठवर गेला आहे हे सांगायला नको, आणि "अन्योन्य"चे बँकेत रूपांतर होऊनही ती मात्र आज उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले तेव्हा दारासमोर उभे असलेले जुने खातेदार मी पाहिले आहेत. त्यांतील बहुतेक तक्रार करायला आलेले नव्हते, काय झाले ते समजून घ्यायला आलेले होते.

माझा मुद्दा इतकाच की, खिडकीवरची वागणूक आणि बँकेची प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीवरच्या बाईंना तुमच्या आईची सही पाठ असेल, पण संचालक मंडळाने कोणाला किती कर्ज दिले हे त्यांनाही कळत नाही. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक बुडाली तेव्हा तिच्यात इतर सहकारी बँकांच्याही ठेवी अडकल्या होत्या, आणि ज्या बँकांचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता त्यांच्याही दारात गुजरातभर रांगा लागल्या. आमच्या शाखेतील शिपाई आम्हाला खुर्च्या देत होता, पाणी देत होता, आणि त्यालाही ठाऊक नव्हते की उद्या दार उघडेल की नाही. आमचे उघडले, हे आमचे नशीब.

म्हणून आईंची मोठी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नका. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचा विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत मिळतो, त्याआधी तो फक्त १ लाख होता. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि एकाच बँकेच्या साऱ्या शाखांतील त्याच नावाची खाती एकत्र मोजली जातात. तीन शाखांत तीन ठेवी केल्या म्हणून तीन विमे होत नाहीत.

सूरसागर_काठ

कोठीवरून यांच्या मुद्द्याला जोडून विचारते : आमच्या सोसायटीतील काही जणांची बचत शराफी मंडळीत, म्हणजे इथल्या पतसंस्थेत, आहे. व्याज बँकेपेक्षा जास्त मिळते आणि माणूस घरी येऊन पैसे घेऊन जातो. त्यालाही हा विमा लागू आहे का?

निवृत्त_रोखपाल

नाही. शराफी मंडळी, पतसंस्था, क्रेडिट सोसायटी, नाव कोणतेही असो, ती बँक नाही आणि तिच्या ठेवींना हा विमा नाही. पावतीवर "बँक" हा शब्द आहे का ते पाहा आणि शाखेत ठेवींचा विमा देणाऱ्या महामंडळाचा फलक लावलेला आहे का ते पाहा. घरी येणाऱ्या माणसाच्या गोड बोलण्यावरून यातले काहीही कळत नाही.

वाडीतली_सून

एक प्रश्न मला आमच्या त्या प्रकरणानंतर पडला होता, तो इथे विचारते. आम्ही तेव्हा म्हणालो की सहकारी बँक सभासदांची असते, तेव्हा आम्ही वार्षिक सभेत हे उचलू. तिथे कळले की आमच्या मामेसासूबाई सभासदच नव्हत्या. चाळीस वर्षे खाते, मुदत ठेवी, दिवाळीचे कॅलेंडर, सगळे होते, पण बँकेचा भाग (शेअर) घेतलेला नव्हता.

निवृत्त_रोखपाल

बरोबर आहे, आणि हे पुष्कळ ठेवीदारांबाबत असेच असते. नियमित सभासद असेल तर भाग एक असो वा शंभर, मत एकच, ही सहकाराची मूळ कल्पना. पण नुसत्या ठेवीदाराला मत नसते, आणि कर्जापुरते केलेल्या नाममात्र सभासदालाही नसते. म्हणजे ज्यांच्या पैशावर बँक चालते त्यांतील पुष्कळ जण तिच्या सभेत पाहुणे असतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी भाग घेऊन सभासद व्हावे आणि सभेला जाऊन बसावे. ताळेबंद कळला नाही तरी चालेल, थकीत कर्जाचे प्रमाण किती आणि मागच्या वर्षी किती होते, एवढे जरी उभे राहून विचारले तरी व्यासपीठावरची मंडळी सावरून बसतात. जेवणाचे पाकीट घेऊन निघून जाणाऱ्या सभासदाला मात्र कोणीच घाबरत नाही.

अलकापुरी२

माझ्या पहिल्या प्रतिसादातील सूर थोडा चढा होता हे मान्य करतो. साक्षीदारांच्या नियमाविषयी मला काही माहीत नव्हते. तरी एक गोष्ट धरून ठेवतो. वाडीतली_सून यांच्या प्रकरणात रक्कम काढली गेल्याचा संदेश प्रत्येक वेळी एखाद्या मोबाइलवर आला असता, तर चार महिने लागले नसते. पासबुक मशीन बिघडले म्हणून सांगता येते, संदेश थांबवणे त्या माणसाच्या हातात नसते. ओळखीची सेवा हवी असेल तर तिच्यावर नजर ठेवणारी एखादी अनोळखी यंत्रणाही असू द्यावी.

वाडीतली_सून

संदेश येत होते. नोंदवलेला क्रमांक त्या कर्मचाऱ्याचाच होता. मामेसासूबाईंकडे मोबाइल नव्हता, म्हणून फॉर्म भरताना त्यांनीच त्याचा दिला होता.

अलकापुरी२

यावर मला काहीच बोलता येत नाही.

निवृत्त_रोखपाल

हा प्रकार वाटतो तितका विरळा नाही. आपल्या घरातील प्रत्येक वृद्ध व्यक्तीच्या खात्याला कोणता क्रमांक जोडलेला आहे, हे एकदा शाखेत जाऊन विचारा. पुतण्याचा जुना क्रमांक निघतो, सोडून गेलेल्या भाडेकरूचा निघतो, कधी बंद पडलेला आणि आता भलत्याच माणसाला मिळालेला निघतो. तक्रारीचेही सांगून ठेवतो, कारण "लेखी नका करू" हे मी स्वतः सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. तक्रार लेखी करा आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तोंडी तक्रारीला तारीख नसते, त्यामुळे ते ३० दिवस कधी सुरूच होत नाहीत.

रावपुरेकर

सर्वांचे प्रतिसाद छापून आईला वाचून दाखवले. वाडीतली_सून यांच्या मामेसासूबाईंचे ऐकून ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "माझ्याही दोन कोऱ्या सह्या असतील बघ कुठेतरी." शोधले तेव्हा तिच्या गादीखालच्या पाकिटात जुन्या चेकबुकमधील सही केलेले तीन चेक निघाले. ते वडिलांच्या आजारपणात, म्हणजे २०१७ मध्ये, वेळ पडली तर असावेत म्हणून केले होते. तिच्यासमोर ते फाडले आणि त्यांचे क्रमांक बँकेला लेखी कळवून ते चेक थांबवले.

गेल्या गुरुवारी शाखाधिकारी पुन्हा आले. ताईचे आणि माझे नामनिर्देशन निम्मे-निम्मे केले. फॉर्मवर आईचा अंगठा, तेच दोन साक्षीदार. खाते संयुक्त करायचे की नाही यावर ताईशी फोनवर बोलणे झाले आणि सध्या ते आईच्या एकटीच्या नावावरच ठेवायचे ठरले. तिला जोवर रक्कम स्वतः सांगता येते तोवर तिनेच सांगावी असे दोघांनाही वाटले. मोबाइल क्रमांक तपासला, तो माझाच निघाला, पण त्याबरोबर ताईलाही संदेश जाईल का असे विचारले तेव्हा त्यांच्या प्रणालीत एका खात्याला एकच क्रमांक चालतो असे कळले. म्हणून दर महिन्याच्या नोंदींचे छायाचित्र मी ताईला पाठवणार आहे.

लॉकर राहिला. त्यासाठी टक्क्यांची पद्धत चालत नाही, नावे एकामागून एक अशीच द्यावी लागतात, असे साहेबांनी सांगितले, आणि पहिले नाव ताईचे की माझे यावर आईने अजून काही ठरवलेले नाही. किल्ली ताईकडे नाशिकला आहे. ती दिवाळीत येईल तेव्हा तो फॉर्म भरू.